पाणी प्या, मावशी

पतंगे साहेबांनी कुणाला पाणी विचारलं, की आमचे शिपाई बशीरभाई माझ्याकडे बघून हळूच एक बोट वर करायचे. म्हणजे गेला. त्या माणसाचं काम आज होणार नाही, या महिन्यात होणार नाही, आणि साहेबांच्या मनात आलं तर कधीच होणार नाही. पाणी मात्र गार असायचं. माठातलं, स्टीलच्या जगात भरलेलं, आणि तो जग रोज सकाळी मीच भरून ठेवायचे.

हिंगोली जिल्हा झाला आणि ज्याला त्याला इथं कचेरी उघडायची घाई झाली. आमच्या गृहकर्ज कंपनीनंही स्टेशनकडच्या रस्त्याला, एका खताच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या घेतल्या. खालून खताचा वास यायचा आणि वर पंख्याखाली बाकड्यावर माणसं बसलेली असायची. कुणाला कर्ज हवं असायचं, कुणाचं फिटलेलं असायचं. कर्ज चालू असेपर्यंत घराचं मूळ खरेदीखत कंपनीकडं, औरंगाबादच्या तिजोरीत. कर्ज फिटलं की ते मागवून घ्यायचं, तपासायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं, हे काम पतंगे साहेबांचं. त्यांच्या टेबलावर पाटी होती, 'ग्राहक सेवा'. मी सेनगावहून जीपनं यायचे आणि त्या पाटीच्या डाव्या बाजूला बसायचे, त्यांची मदतनीस म्हणून.

दिसायला माणूस इतका सभ्य, की वाटेत भेटला तर तुम्ही लेकीसाठी स्थळ सुचवा म्हणाल. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा बोळा, खिशात चार घड्यांचा रुमाल. आवाज कधी चढला नाही. म्हातारं माणूस जिना चढून आलं की हे खुर्चीतून उठून उभे. ज्याला त्याला मावशी, काका, दादा. एकदा आलेल्या माणसाच्या लेकराबाळांची नावं पाठ. "धाकटीची बारावी झाली का हो, काका?" असं विचारलं की काका खूश. काका घरी जाईपर्यंत त्यांच्या लक्षातही यायचं नाही, की आपण कागद न्यायला आलो होतो आणि रिकाम्या हातानं चाललोय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे काम शिकवलं. "हे बघ पोरी, न्हाई म्हनायचं नसतं. न्हाई म्हनलं की मानूस चिडतो, वर तक्रार करतो. एक कागद कमी हाय म्हनलं की मानूस घरी जातो." मी वहीत लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा हा माणूस फार हुशार वाटला.

एक कागद. दोन कधीच नाही. दोन सांगितले असते तर माणूस दोन्ही घेऊन एकदम आला असता. साहेब एकच सांगायचे, तो आला की त्यातून दुसरा निघायचा, दुसऱ्यातून तिसरा. "होईल की. न व्हायला काय झालं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग जग उचलायचा, ग्लास भरायचा, दोन बोटांनी पुढं सरकवायचा. "पाणी प्या." माणूस निघून गेला, की रुमाल काढून ग्लासाखालचं पाण्याचं गोल पुसून टाकायचे आणि रुमालाच्या परत चार घड्या.

लाच खायचे असं कुणी म्हणेल, तर तसं अजिबात नव्हतं. एकदा एकानं हळदीची पिशवी टेबलाखाली ठेवली, तर साहेबांनी ती बशीरभाईंच्या हाती देऊन त्याला पार स्टेशनात गाठलं आणि परत केली. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं. खाणारा असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. खाणाऱ्याचं पोट कधीतरी भरतं आणि तो काम करून टाकतो.

सेनगावकडचे एक गुरुजी होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. आठ महिने हेलपाटे मारून त्यांचा संयम सुटला. एक दिवस आले ते तरातरा, टेबलावर हात आपटून ओरडले, "तुम्ही माणसं हायेत का कोन हायेत? मी लेखी तक्रार करनार!" बाकड्यावरची सगळी माणसं उभी राहिली. साहेब शांत. कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "बसा गुरुजी. तुमचा हात थरथरून राहिलाय, मी लिहितो." आणि खरंच लिहिली हो, स्वतःविरुद्धची तक्रार! मोत्यासारखं अक्षर. गुरुजींना सुचले नसते असे शब्द घातले, 'हेतुपुरस्सर दिरंगाई', 'अक्षम्य हलगर्जीपणा'. वाचून दाखवली. गुरुजींचा राग तिथंच निम्मा उतरला. सही केली, वर आभार मानले. साहेबांनी तक्रारीला नंबर दिला, ती फाईलला लावली आणि म्हणाले, "आता ह्या तक्रारीचा निकाल लागेस्तोवर फाईल मला हलवता येत न्हाई, गुरुजी. नियमच हाय तसा. पाणी प्या."

बशीरभाई आणि मी त्या दिवशी जिन्यात जाऊन पोट धरून हसलो. हे लपवण्यात काय अर्थ आहे? आम्ही पैजासुद्धा लावायचो. जिन्यावर पाऊल वाजलं, की कोण आलंय ते बघून बशीरभाई म्हणायचे, "इसको पानी मिलता नहीं मॅडम, इसके कागज बराबर है." मी म्हणायचे, मिळणार. हरणाऱ्यानं चहा पाजायचा. मी बहुतेक वेळा जिंकायचे.

धुरपताबाईवर लावलेली पैजसुद्धा मीच जिंकले.

नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं, चालून आल्यामुळं छातीचा भाता झालेला. कागद टॉवेलात गुंडाळून, तो टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटाशी. मागून एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, कांता, एका पायानं अधू, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. धुरपताबाईचा नवरा एसटी डेपोत मेकॅनिक होता. त्यानं गावाबाहेर प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या, बायकोच्या नावानं, आमच्याच कंपनीच्या कर्जावर. तो गेला आणि विम्यातून कर्ज फिटलं. आता बाईला खरेदीखत परत हवं होतं.

"घाई हाय साहेब," ती म्हणाली. "ही पोरगी माझ्या भैनीची. दोन वर्साची असताना भैन मेली, तवापासून म्याच वाढवली. दत्तकाचा कागद कुनी केला न्हाई, आमच्यात कोन करतंय? आता वकील म्हनतो, तुमी जित्या हाव तवर घर पोरीच्या नावावर बक्षीसपत्र करून द्या, न्हाईतर तुमच्या मागं ते दिराला जातंय. दीर आत्तापासून अंगनात येऊन मोजून राहिलाय. माझ्या छातीचं काय खरं न्हाई. पोरीला एक छप्पर कागदावर करून द्यायचं, बस."

साहेबांनी एकेक कागद बघितला. मृत्यूचा दाखला, कर्ज फिटल्याचं पत्र, खरेदीखताची नक्कल, सगळं जागच्या जागी. बशीरभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, हरलीस म्हणून. मग साहेबांनी मतदानाचं ओळखपत्र उचललं.

"मावशी, खरेदीखतावर सुमन हाय. ही सुमन कोन?"

बाई लाजली. हो, त्या वयात, तशा धापेत, लाजली. "मीच की. धुरपता माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात मालकानं सुमन लिवलं. पर कुनाच्या तोंडी बसलंच न्हाई ते. सासू पन धुरपतीच म्हनायची. सुमन म्हनून हाक मारायचे ते एकले मालक. घर घेतलं तवा लिवनाऱ्याला त्यांनीच सांगितलं, सुमन लिव म्हनून. म्या नुसता अंगठा दिला."

आपल्याकडं किती बायकांचं हेच आहे. लग्नात नवऱ्यानं एक नाव ठेवायचं, घरानं दुसऱ्या नावानं हाक मारायची आणि सरकारी माणूस दारात आला, की समोर असेल त्यानं सुचेल ते सांगायचं. कर्ज देताना आमच्या कंपनीनं हीच दोन नावं बघितली होती आणि डोळे झाकून कर्ज दिलं होतं. द्यायच्या वेळी चाललं.

साहेब म्हणाले, "होईल की. न व्हायला काय झालं? दोन्ही नावं एकाच बाईची हायेत, एवढं एक प्रतिज्ञापत्र तहसिलातून करून आना." जग उचलला. "पाणी प्या, मावशी."

चहा बशीरभाईंनी पाजला. गोड होता.

प्रतिज्ञापत्र घेऊन ती आठव्या दिवशी आली. साहेब म्हणाले, ह्याच्या जोडीला माहेरच्या सरपंचाचा दाखला लागतो. माहेर शिरड शहापूरचं. तो आणला. मग लग्न बघितलेला साक्षीदार. एक चुलता जिवंत होता, त्याला काठी धरून जिना चढवून आणला. साहेब उठून उभे राहिले, काकांना पंख्याखाली बसवलं, त्यांच्या लग्नाच्या काळातल्या गप्पा काढल्या, सही घेतली. चुलता हरखून गेला. मग म्हणाले, "आता एकच राह्यलं, मावशी. नावबदलाची जाहिरात सरकारी राजपत्रात छापून आना."

कंपनीचं परिपत्रक मी वाचलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, नावात फरक असल्यास प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदार. साक्षीदार तर शाखेतलेही चालायचे. मी आणि बशीरभाईंनी दोन सह्या केल्या असत्या, तर ती दुसऱ्याच खेपेला घर घेऊन गेली असती. संध्याकाळी मी हिंमत करून म्हणाले, "साहेब, प्रतिज्ञापत्रावरच होतं की तिचं काम."

"होतं," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. शर्टाची बाही सरळ करत बसले आणि मग बोलले. पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगितलं त्यांनी मला.

पूर्वी ते परभणीला एका पतसंस्थेत होते. घराचे कागद न्यायला दोन भावांतला थोरला एकटाच आला, रडला, धाकटा आजारी आहे म्हणाला. साहेबांनी दया येऊन कागद दिले. थोरल्यानं घर विकलं. धाकट्याची बायको दोन लेकरं घेऊन संस्थेच्या दारात येऊन बसली. साहेब निलंबित झाले. "चौदा महिने पोरी, रोज जाऊन वऱ्हांड्यात उभा राह्यचो. ज्यांच्यासंगं जेवलो ते खाली मान घालून बाजूनं जायचे. उन्हाळा. एकानं पाणी इचारलं न्हाई. म्या तवाच ठरवलं, दोन गोष्टी. कागद असा द्यायचा की पुन्हा कुनी बोट दाखवनार न्हाई. आन आपल्या टेबलाला आलेला मानूस तहानलेला जानार न्हाई."

आम्ही ज्या पाण्यावर पैजा लावत होतो, ते हा माणूस मनापासून पाजत होता. त्याच्या लेखी ती माणुसकी होती. एकदा दया केली आणि भाजला, म्हणून आता दयेच्या जागी पाणी.

"पण साहेब, ह्या बाईचा कोण दुसरा भाऊ येणारे? दुसरी सुमन कुठून येईल?"

"परभणीत पन मला वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे प्रेमानं बघत म्हणाले, "तुझी नोकरी कायम व्हायची हाय ना अजून? कधी संपतंय प्रोबेशन?"

मी धुरपताबाईची फाईल कपाटात ठेवून दिली. घरी धाकट्या भावाची फी माझ्या पगारावर होती, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली आहेत. कारण एकच. मी घाबरले.

राजपत्राला चार महिने लागले. ती आली तेव्हा बाजाराचा दिवस होता, बाकडं गच्च. धुरपताबाई अर्ध्या जिन्यात बसून राहिली, बशीरभाईंनी बखोटीला धरून वर आणलं. ओठ निळे पडलेले. पण चेहरा असा फुललेला, की मला वाटलं, आज साहेबसुद्धा हिला पाणी विचारणार नाहीत. कांतानं राजपत्राचं पान टॉवेलातून काढून टेबलावर दोन्ही हातांनी सपाट केलं.

साहेबांनी सगळं वाचलं. वरची तारीख वाचली. मग अगदी हळू, समजावून सांगावं तसं म्हणाले, "मावशी, ह्याच्यात लिहिलंय, की तुमचं नाव आता बदललं. म्हंजे आजपासून तुमी सुमन. पर खरेदीखत आठ वर्सामागचं. तवा तुमी कोन होता?"

धुरपताबाईनं साहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तवा पन मीच होते की, साहेब."

"ते मला कळतंय हो. कागदाला कळाया पायजे." जग उचलला, ग्लास भरला, सरकवला. "पाणी प्या."

ती ते सगळं पाणी प्यायली. तहान लागली होती तिला. दोघी उठल्या. कांता दारातून मागं वळली, माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, "ताई, आता कोनता कागद आनू?" मला तिला सांगता आलं असतं, की बाई, कोणताच नको, सगळं कधीच पुरं झालंय, वरच्या साहेबांकडं जा, हा घे पत्ता. मी म्हणाले, "साहेबांना विचार."

धुरपताबाई त्यानंतर आली नाही. तीन आठवड्यांनी गेली. सरकारी दवाखान्यात, असं बशीरभाईंनी आणलेल्या बातमीत होतं.

पुढं सात-आठ महिन्यांनी दीर आला. पांढरे कपडे, हातात वारस म्हणून कोर्टाचा दाखला, त्यावर टाइप केलेलं, 'धुरपताबाई उर्फ सुमन'. आम्हाला जे इतके महिने कळत नव्हतं, ते कोर्टानं एका 'उर्फ'मध्ये लिहून दिलं होतं. साहेबांनी कागद तपासले. नावाला नाव, शिक्क्याला शिक्का. कपाट उघडलं, धुरपताबाईसाठी मागवून ठेवलेलं खरेदीखत काढलं, सह्या घेतल्या आणि वीस मिनिटांत सुमनचं घर त्याच्या हातात दिलं. मी खिडकीतून खाली बघितलं. खताच्या दुकानाच्या पायरीजवळ कांता उभी होती, वर बघत. घरातलं काही सामान तिनं बरोबर आणलेलं दिसत होतं, एक बादली आणि एक वळकटी.

दीर जाता जाता म्हणाला, "साहेब, लई ऊन हाय. घोटभर पाणी मिळंल का?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "खाली हाटेलात हाय."

त्या क्षणी मला साहेबांचा गळा धरावासा वाटला. हात खरंच उचलले होते मी. मग त्याच हातांनी रिकामा जग घेतला आणि माठाकडं गेले. बशीरभाई माठाशीच उभे होते, त्यांचे डोळे भरलेले. "मॅडम, अब शर्त नहीं लगाएंगे," एवढंच म्हणाले.

पैजा बंद झाल्या. बाकी काही बंद झालं नाही. माझी नोकरी कायम झाली, साहेबांनी माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं. पुढं त्यांच्या निवृत्तीला हार घातला, पेढे वाटले. भाषणात ते म्हणाले, माझ्या हातून एकही कागद चुकीच्या माणसाकडं गेला नाही. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मला त्यांची खुर्ची मिळाली. ती पाटी, तो जग, सगळं. कांता हळदीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हळद निवडायला बसते, हे मला ठाऊक होतं. एकदा समोरासमोर आलो. मनगटापर्यंत पिवळे हात. तिनं मला ओळखलं आणि माझ्या अंगावरून पलीकडं बघितलं, जशी मी तिथं नव्हतेच.

निवृत्तीनंतर दीडेक वर्षानं पतंगे साहेब आले. ग्राहक म्हणून. स्टाफ लोनवर बांधलेलं घर होतं, कर्ज फिटलं होतं. मुलगा पुण्याला बोलावत होता. घराला गिऱ्हाईक लागलेलं, पण तो मूळ कागद बघितल्याशिवाय व्यवहार करत नव्हता आणि महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. साहेब बाकड्यावर नंबर लावून बसले. शर्टाची इस्त्री तीच, कानातला बोळा तोच, गळ्याच्या शिरा तेवढ्या वर आलेल्या. नंबर आल्यावर उठले. "काय पोरी, बरी हायस का?"

त्यांचे कागद औरंगाबादहून आदल्याच दिवशी आले होते. माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होते. पूर्ण होते. पुन्हा सांगते, पूर्ण होते, त्यांनी स्वतः लावलेली फाईल ती, तिच्यात काय कमी असणार? मी फाईल उघडली, पानं उलटली, आणि म्हणाले, "होईल की साहेब. न व्हायला काय झालं?" जग उचलला. ग्लास भरला. दोन बोटांनी सरकवला.

बशीरभाई कोपऱ्यात होते. त्यांनी बोट वर केलं नाही. उठून खाली निघून गेले.

साहेब ग्लासाकडं बघत राहिले. मग प्यायले. कोणता कागद कमी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. रुमाल काढला, टेबलावरचं पाण्याचं गोल पुसलं आणि "येतो" म्हणून गेले.

घरी जाताना जीपमध्ये मला बरं वाटलं. वाटलं, फेडलं धुरपताबाईचं. एकदाच करायचं होतं, केलं. पुढच्या खेपेला आले की लगेच देऊन टाकायचे, असं मी नक्की ठरवलं होतं.

ते बाजाराच्या दिवशी आले. जिना चढून दम लागलेला. समोर येऊन उभे राहिले आणि मी ड्रॉवरकडं हात नेला. नेत होते. तो जगाकडं गेला. मी नेला नाही, आपोआप गेला, इतक्या वर्षांच्या सवयीनं. साहेबांनी तो बघितला. आणि हसले. त्या माणसाला मी कधी असं मनापासून हसताना बघितलं नव्हतं, वर्गातला हुशार पोरगा बघून मास्तर हसतो तसे हसले.

"बस तू, पोरी," ते म्हणाले. "मी घेतो." स्वतःच जग उचलला, स्वतःच्या हातानं ग्लास भरला, उभ्यानंच सगळं पाणी प्यायले, टेबल पुसलं आणि जिना उतरू लागले. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी. मला पावलं ऐकू येत होती. हाक मारली असती तर तिसऱ्या पायरीवरूनही वळले असते. मी पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.